परड्यातल्या तांबड्या मुंग्या आवरताना

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमचे घर ज्या गल्लीच्या टोकाला आहे, तिच्या पलीकडे लगेच उसाचे शेत सुरू होते. घरामागच्या परड्यात दोन नारळ, एक आंबा, कढीपत्ता, जास्वंदीची रांग आणि भाजीचे काही वाफे आहेत. अशा जागी मुंग्या असणारच, आणि त्यांच्याबद्दल आमची काही तक्रारही नव्हती. मात्र मागच्या काही वर्षांत परड्यातील तांबड्या, डंख करणाऱ्या मुंग्यांची संख्या इतकी वाढली की अनवाणी पायाने कोणी मागच्या पायऱ्या उतरेनासे झाले. वाफ्यात खुरपे लावले की मनगटापर्यंत मुंग्या चढत. वांग्याचे आणि टोमॅटोचे बी पेरले की त्यातील बरेचसे उगवण्याआधीच नाहीसे होई. ठिबकच्या नळ्यांना बारीक छिद्रे पडू लागली, आणि एकदा बोअरची मोटर सुरू होईना म्हणून स्टार्टरची पेटी उघडली, तर आतल्या संपर्कपट्ट्यांमध्ये मेलेल्या मुंग्यांचा थर साचलेला निघाला. नातू परड्यात खेळताना वारुळावर उभा राहिला आणि त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजले, त्यानंतर मात्र हा विषय पुढे ढकलण्यासारखा उरला नाही.

उपाय विचारायला गेलो तर शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांनी बांधावरूनच सांगितले, "थिमेट टाका की वहिनी, दोन दिसांत साफ." आमच्या भागात हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो आणि तो देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याला लोक थिमेट म्हणतात ते फोरेट हे अतिशय जहाल कीटकनाशक असून २०२० च्या अखेरीपासून त्याची विक्री आपल्या देशात बंद आहे. त्याआधीच्या पिढीची गॅमॅक्सिन पावडर, म्हणजे बीएचसी, १९९७ मध्येच बंद झाली, तरी जुन्या घरांच्या माळ्यावर तिचा एखादा डबा अजून सापडतो. आमच्या परड्यात बोअर आहे, मांजर आहे, शेजारच्या कोंबड्या दिवसभर इकडेच चरतात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे, कोणते विष घालायचे हे ठरवण्याआधी आपल्याकडे नेमकी कोणती मुंगी आहे हे पाहावे, असा आग्रह मी धरला. घरच्यांना तो वेळकाढूपणा वाटला, पण पुढची सगळी दिशा त्यातूनच ठरली.

ओळख पटवण्यासाठी वापरलेली पद्धत मूळची हवाई बेटांवरची आहे. तिथे जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची एक डंख करणारी परकी मुंगी १९९९ मध्ये आढळली, आणि ती आपल्या आवारात आहे की नाही हे पाहण्यासाठी तिथले लोक लाकडी काड्यांना शेंगदाण्याचे लोणी लावून त्या जागोजागी ठेवतात. आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घेतल्या, त्यांच्या टोकांना बारीक शेंगदाण्याचा कूट गोडेतेलात कालवून लावला आणि सकाळचे ऊन तापण्यापूर्वी परड्यात, कुंड्यांच्या खाली, नारळाच्या आळ्यात, पेव्हरच्या फटींजवळ आणि बांधालगत सावलीत ठेवल्या. पाऊण तासाने प्रत्येक काडी चिमट्याने उचलून वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकली, पिशवीवर जागा लिहिली आणि सगळ्या पिशव्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कागदावर भिंगाखाली पाहिल्यावर परड्याचे खरे चित्र हाती आले. ज्या कोपऱ्यात सर्वांत जास्त मुंग्या असतील असे आम्ही धरून चाललो होतो, तिथल्या काड्यांवर साध्या काळ्या, वेड्यावाकड्या धावणाऱ्या निरुपद्रवी मुंग्या होत्या. तांबड्या मुंग्यांची दाटी होती ती पेव्हरखाली, पाण्याच्या नळाजवळ आणि बांधाच्या कडेला.

या तांबड्या मुंगीची खूण एकदा कळली की ती विसरत नाही. एकाच वारुळातील कामकरी मुंग्या सारख्या आकाराच्या नसतात. साधारण तीन मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत सगळी मापे एकत्र दिसतात, आणि त्यातल्या मोठ्यांचे डोके शरीराच्या मानाने फारच मोठे, चौकोनी आणि मधोमध खाच असलेले असते. त्या डोक्यातील स्नायूंच्या जोरावर त्या बी फोडतात. कमरेला दोन गाठी असतात. वारूळ उंच नसते. भुसभुशीत मातीचा पसरट ढीग, त्याला अनेक तोंडे आणि कडेला बियांच्या टरफलांचा कचरा असे त्याचे रूप असते. आमच्याकडे कोंबड्यांना टाकलेल्या नाचणीची टरफले अशा ढिगांभोवती गोळा झालेली होती. शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १८०४ मध्ये तिचे वर्णन केले. ती मूळची आपली नव्हे. तिचे घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे, आणि जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की सोळाव्या शतकात मेक्सिकोतील अकापुल्कोहून मनिलाकडे जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून, बहुधा जहाजाच्या तळाशी भरलेल्या मातीतून, ती आशियात उतरली. मिरची, मका आणि भुईमूग हेही त्याच खंडातून आलेले पाहुणे. पुढे या मुंगीला आमिष म्हणून आम्ही शेंगदाणाच घातला, ही गोष्ट मला त्या वेळी गमतीची वाटली होती.

भिंगाखालच्या या तपासणीचा दुसरा फायदा असा झाला की कोणाला मारायचे नाही हेही ठरले. आंब्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या मोठ्या तांबूस मुंग्या कडकडून चावतात, परंतु त्यांना नांगी नसते, आणि झाडावरच्या किडी त्या मोठ्या प्रमाणात खातात. डोंगळेही चावतात, डंख करत नाहीत. आंब्याच्या वाळक्या फांदीत एक सडपातळ, काळी-तांबडी मुंगी राहते, तिचा डंख फारच तीव्र असतो. पण ती एकटीदुकटी हिंडते आणि जमिनीत वारूळ करत नाही, म्हणून ती वाळकी फांदी कापून टाकण्यापलीकडे तिच्यासाठी काही केले नाही. या सगळ्या मुंग्या परड्यात जागेसाठी आणि अन्नासाठी एकमेकींशी झगडत असतात. सरसकट फवारणी करून सगळ्याच मारल्या, तर मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी पसरते ती उघड्या, उकरलेल्या, उन्हातल्या जमिनीवर तरबेज असलेली हीच तांबडी मुंगी. माझ्या मते या सबंध कामातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

याचे प्रत्यंतर गल्लीतच मिळाले. आमच्या शेजाऱ्यांनी एका कीडनियंत्रण सेवेला बोलावून संपूर्ण अंगणात फवारणी करून घेतली होती. पहिले काही दिवस अंगण अगदी स्वच्छ दिसले. नंतर पूर्वी जिथे एक वारूळ होते तिथे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फरशीखालीही, मातीचे नवे ढीग निघाले. यात नवल काहीच नाही. आपल्याला जमिनीवर दिसतात त्या मुंग्या म्हणजे अन्न शोधायला बाहेर पडलेला वसाहतीचा एक लहान भाग असतो. अंडी, अळ्या, कोष आणि राणी खाली असतात. स्पर्शाने मारणारे औषध, मग ते फवाऱ्यातून येवो, पावडरीतून येवो की खडूच्या रेघेतून, वरच्या मुंग्यांना मारते आणि उरलेल्यांना सावध करते. त्यातून या मुंगीच्या काही वसाहतींत एकापेक्षा अधिक राण्या असतात. वारुळाला धक्का बसला की त्यातील एखादी राणी काही कामकऱ्यांना घेऊन बाजूला नवे बिऱ्हाड करू शकते. म्हणून राणीपर्यंत विष पोहोचवायचे असेल तर ते मुंग्यांनीच, आपखुशीने, अन्न समजून खाली नेले पाहिजे, आणि ते नेईपर्यंत त्यांना काही होता कामा नये.

इथे त्यांच्या जेवणाची रीत समजून घेणे उपयोगी पडले. प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. ती फक्त द्रव पिते. घन कण वारुळात नेऊन पूर्ण वाढीच्या अळ्यांपुढे ठेवले जातात, अळ्या ते पचवतात आणि त्यांच्याकडून निघणारा द्रव कामकरी मुंग्या तोंडातोंडी सगळ्या वसाहतीत, राणीसह, वाटतात. या वाटपाला वेळ लागतो. विष तीव्र असेल तर वाटप सुरू होण्याआधी वाटपीच मरतात. त्यामुळे आमिषातील विष मंद आणि कमी असणे ही त्याची उणीव नसून तीच त्याची ताकद आहे, हे घरच्यांच्या गळी उतरवायला मला बरेच बोलावे लागले. "एवढ्याशा पावडरीनं काय होणार?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे.

आम्ही निवडलेले विष म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी बोरिक पावडर. कॅरम खेळणाऱ्यांच्या घरात ती असतेच. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम साखर आणि दहा ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवली, म्हणजे विषाचे प्रमाण सुमारे एक टक्का झाले. यापेक्षा जास्त घातले तर मुंग्या पाणी टाळतात किंवा लवकर मरतात, आणि दोन्ही परिणाम आपल्या विरुद्ध जातात. वजन अंदाजाने घेऊ नये; आम्ही स्वयंपाकघरातील डिजिटल काटा वापरला आणि त्यासाठीची वाटी व चमचा कायमचे वेगळे काढून त्यांवर लाल रंगाची खूण केली. झाकण असलेल्या प्लास्टिकच्या लहान डब्यांना तापलेल्या सुईने कडेला बारीक भोके पाडली, आत कापसाचे बोळे भिजवून ठेवले, झाकण चिकटपट्टीने बंद केले आणि डबा उलटू नये म्हणून वर वीट ठेवली. या रचनेमुळे मुंगी आत जाते, पण मांजर, कोंबडी किंवा मूल त्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही. बोरिक पावडर घरगुती आणि ओळखीची असली तरी ती निरुपद्रवी नाही. लहान मुलांच्या पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून उरलेले द्रावण बाटलीवर ठळक अक्षरांत "विष" असे लिहून कुलपात ठेवले. हे पाणी मातीत ओतण्याचा मोहही आवरला पाहिजे, कारण बोरॉन झाडांना अगदी अल्प प्रमाणात लागते आणि त्याहून जरा जास्त झाले की पानांच्या कडा करपतात.

गोड पाण्याच्या जोडीला तेलकट आमिषही हवे होते, कारण या मुंगीला तेलाची फार ओढ असते. अमेरिकेत तिच्या बहिणींसाठी जे दाणेदार आमिष वापरतात ते मक्याच्या भरड्याला सोयाबीन तेल चोळून केलेले असते आणि विष त्या तेलात विरघळलेले असते. बोरिक पावडर तेलात विरघळत नाही, त्यामुळे ती कृती जशीच्या तशी उचलता येत नव्हती. आम्ही शंभर ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात थोडा गूळ, चमचाभर ताजे गोडेतेल आणि दोन-तीन ग्रॅम बोरिक पावडर एकजीव होईपर्यंत मळून त्याचे ज्वारीएवढे कण केले आणि तेही अशाच डब्यांत ठेवले. माझा अनुभव असा की कुटावर मुंग्या लवकर येतात, काही मिनिटांत रांग लागते, परंतु दोन-तीन दिवसांत तेल खवट झाले की त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. गोड पाण्यावर त्या सावकाश येतात आणि टिकून राहतात. त्यामुळे कूट रांग लावण्यासाठी आणि पाणी पुढचे काम चालू ठेवण्यासाठी, अशी विभागणी आपोआप झाली. दोन्हींत निवड करायची झाली तर मी पाणीच निवडेन.

आमिष कुठे आणि केव्हा ठेवावे याला आमिषाइतकेच महत्त्व आहे. ते वारुळावर ठेवायचे नाही, तर त्यापासून हात-दीड हात अंतरावर, त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. आणि त्या आठवड्यात वारुळाला काठीने डिवचायचे नाही, त्यावर पाणी सोडायचे नाही, जवळपास कोणतेही फवारे मारायचे नाहीत. हाताला तंबाखूचा, साबणाचा किंवा औषधाचा वास असेल तर आमिष तयार करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. जमीन कोरडी हवी. कोल्हापुरात याचा अर्थ असा होतो की एप्रिल-मे महिन्यांत दोन वळवांच्या मधले दिवस शोधावे लागतात, आणि तेही संध्याकाळी, कारण दुपारच्या उन्हात या मुंग्या जमिनीवर फारशा येत नाहीत. जूनमध्ये मृग लागला की पुढे परतीचा पाऊस संपेपर्यंत उघड्यावरच्या आमिषाचा उपयोग जवळजवळ नसतो. दिवाळीनंतरचे कोरडे, उबदार आठवडे मात्र फार चांगले. आम्ही वर्षाचे काम या दोन हंगामांभोवतीच बांधले आहे.

एक अडचण घरातूनच आली. सासूबाई रोज सकाळी तुळशीपाशी मुंग्यांना चिमूटभर साखर आणि पीठ घालतात. त्यांच्या सासूबाईही घालत असत. शुद्ध साखर दारात मिळत असताना विषाची साखर कोणी खावी? हा प्रश्न व्यवहाराचा होता आणि श्रद्धेचाही, म्हणून त्यांना थांबायला सांगणे मला योग्य वाटले नाही. भिंगाखाली त्यांना दाखवले की तुळशीजवळ येतात त्या काळ्या मुंग्या आहेत, तांबड्या नव्हेत. तेव्हा त्यांनीच तोड काढली: साखर तुळशीच्या कट्ट्यावरच, उंचावर ठेवायची, जमिनीवर नाही, आणि आमच्या डब्यांच्या दिवसांत पीठ बंद. काळ्या मुंग्यांना त्यांचे मिळत राहिले, आणि त्या परड्यात टिकून राहाव्यात अशी माझीही इच्छा होतीच.

आमिष ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही; उलट डब्यांभोवती एवढी गर्दी होते की आपण मुंग्या पोसत आहोत असे वाटू लागते. डबे रिकामे होऊ द्यायचे नाहीत, कापूस सुकू द्यायचा नाही आणि पाण्याला बुरशी धरली की ते बदलायचे, एवढेच काम असते. काही आठवड्यांनी रांगा विरळ होत गेल्या. मग वारुळांच्या तोंडाशी नवी माती येणे थांबले. पुन्हा काड्यांची चाचणी केली तेव्हा पेव्हरच्या बाजूच्या बहुतेक काड्यांवर काळ्या मुंग्या आल्या होत्या, आणि मला त्या दिवसाइतका आनंद मुंग्या पाहून आधी कधी झाला नव्हता.

काही वारुळे आमिषाची वाट पाहण्याजोगी नव्हती: एक पायरीला लागून, एक नळाजवळ. त्यांच्यासाठी उकळते पाणी वापरले. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, त्यामुळे पाण्याची सोय होती. दहा ते बारा लिटर उकळते पाणी एकाच वेळी, वारूळ न डिवचता, सावकाश मध्यभागी ओतावे लागते. अमेरिकेत हिच्याच जवळच्या नात्यातील लाल आयात मुंगीच्या वारुळांवर या उपायाने सुमारे ६० टक्के वारुळे पूर्ण मरतात असा अनुभव नोंदवलेला आहे; उरलेली तिथेच किंवा थोडी सरकून पुन्हा उभी राहतात. सकाळी ऊन पडल्यावर मुंग्या अळ्या आणि कोष उबेसाठी वरच्या थरात आणतात, तेव्हा हे केल्यास फळ अधिक मिळते. झाडाच्या बुंध्याशी हा उपाय करू नये, मुळे शिजतात. आणि उकळत्या पाण्याची बादली घेऊन परड्यातून चालताना पायात बंद बूट असावेत, हे सांगण्याचे कारण मुंग्या आणि पाणी दोन्ही आहेत. काही जण रॉकेल किंवा पेट्रोल ओततात. त्याने माती नासते, विहीर-बोअरच्या पाण्याला धोका होतो आणि आग लागू शकते. तो मार्ग आम्ही विचारातही घेतला नाही.

मुंग्या येतात कशासाठी, याचा शोध घेतल्यावर जास्वंदीची रांग पुढे आली. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आणि मावा भरपूर होता. हे कीटक झाडाचा रस पितात आणि जो गोड चिकटा बाहेर टाकतात तो मुंग्या गोळा करतात. त्याच्या बदल्यात त्या ढेकणांचे त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांपासून संरक्षण करतात. म्हणजे जास्वंद हे मुंग्यांचे उघडे दुकानच होते. ग्रासलेले शेंडे छाटून पिशवीत बंद करून टाकले, बाकीच्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुतल्या आणि साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा दिला. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या कापल्या आणि बुंध्याला कापडी पट्टी बांधून तिच्यावर घट्ट ग्रीस लावले. ग्रीस थेट सालीवर लावले तर साल खराब होते. मांजराच्या खाण्याची ताटली पाण्याच्या परातीत ठेवली, कोंबड्यांचे धान्य शेजाऱ्यांनी त्यांच्याच आवारात टाकायचे कबूल केले, आणि नव्या पेरणीचे बी वाफ्यात न टाकता ट्रेमध्ये, मेजावर उगवून घेतले. मेजाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. ठिबकच्या नळ्या कुरतडण्याचे या मुंगीचे वेड हवाईतील उसाच्या मळ्यांतही नोंदले गेले आहे, त्यामुळे जमिनीवर सोडलेल्या नळ्या आम्ही काठ्यांच्या आधाराने थोड्या वर उचलून बांधल्या.

पावसाळ्याबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल, कारण कोल्हापूरचा पावसाळा या मुंग्यांना घराकडे ढकलतो. जमिनीत पाणी मुरले की वारुळे वर येतात, फरशीखाली, कुंड्यांत आणि भिंतीच्या फटींत शिरतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यापाशी पोहोचली की आम्ही सगळे आकडे ऐकू लागतो. ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सखल शेते दिवसेंदिवस पाण्याखाली होती. अशा वेळी या जातीच्या मुंग्या अळ्या आणि राणीला मध्ये घेऊन, पायांत पाय अडकवून पाण्यावर तरंगणारा तराफा करतात, आणि जिथे कोरडे लाकूड, भिंत किंवा माणसाचा पाय लागेल तिथे चढतात. पुराच्या पाण्यातून जाताना तांबूस, हलता पुंजका दिसला तर त्याला काठीने ढकलू नये, वळसा घालावा. पूर ओसरल्यावर चिखल काढताना हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट आवश्यक आहेत, आणि ओल्या गाद्या, लाकडे, भांड्यांचे ढीग उचलण्याआधी ते हलवून पाहावेत.

विजेच्या पेटीची व्यवस्था मात्र वायरमनकडूनच करून घेतली. या गटातील मुंग्या विजेच्या पेट्यांत शिरतात. एखादीला धक्का बसून ती मेली की धोक्याचा गंध सुटतो आणि त्या गंधाने आणखी येतात, असे करत संपर्कपट्ट्यांमध्ये थर साचतो. पेटीच्या तळातील वायरीची छिद्रे त्याने बंद केली, झाकणाला रबरी पट्टी बसवली. पाण्यासारखे कोणतेही द्रावण पेटीजवळ फवारायचे नाही, हे घरात सर्वांना सांगितले आहे.

डंखाबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. मुंगीच्या डंखात फॉर्मिक आम्ल असते आणि म्हणून त्यावर चुना किंवा खाण्याचा सोडा लावावा, असे सर्रास सांगितले जाते. आंब्यावरच्या घरटी शिवणाऱ्या मुंग्यांबाबत आम्लाचा भाग खरा आहे. या तांबड्या मुंगीचे विष मात्र वेगळ्या जातीचे, मुख्यतः अल्कलॉइड प्रकारचे आहे, त्यामुळे चुन्याने ते मारले जाईल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही, आणि चुन्याने लहान मुलाची त्वचा भाजण्याचीच शक्यता अधिक. ही मुंगी जबड्याने त्वचा पकडते, मग पोट वाकवून डंख मारते, आणि पकड न सोडता जागच्या जागी फिरून पुन्हा पुन्हा मारू शकते. म्हणून पाय झटकणे किंवा त्यावर पाणी ओतणे पुरेसे नसते. हाताने, कापडाने भराभर पुसून त्या काढाव्या लागतात. नंतर साबण-पाण्याने धुणे, बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी ठेवणे आणि खाजवू न देणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. खाज फार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीची गोळी घ्यावी. बारीक फोड आले तर ते फोडू नयेत. विषात अल्प प्रमाणात प्रथिनेही असतात आणि काही जणांच्या शरीरात त्यांची तीव्र प्रतिक्रिया उमटते: ओठ किंवा जीभ सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे, धाप लागणे, चक्कर येणे. असे काहीही दिसले तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. तिथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते. नातवाची सूज दोन दिवसांत उतरली, पण त्याच्या शाळेच्या दप्तरातील वहीत आम्ही या डंखाची नोंद करून ठेवली आहे.

इतके करूनही परडे तांबड्या मुंग्यांपासून कायमचे मुक्त झालेले नाही, आणि ते होणारही नाही. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या राण्या उडून येतात, शिवाय बांधापलीकडे उसात वारुळे आहेतच. ऊस तोडल्यानंतर शेत उघडे पडते तेव्हा त्यांचा ओघ आमच्याकडे वाढतो. आबांशी याबद्दल बोललो तेव्हा त्यांनी सुरुवातीला हसण्यावारी नेले, पण त्यांच्या कामाच्या बायकांना खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या पुन्हा फुटलेल्या पिकात, भांगलण करताना हाच त्रास होत होता. आता बांधाच्या दोन्ही अंगांना, त्यांच्या संमतीने, दिवाळीनंतर आणि वळवाच्या आधी आम्ही डबे ठेवतो. पाचट न जाळता सरीत पसरवल्यामुळे शेत उघडे पडत नाही आणि त्यामुळे वारुळे कमी झाली असावीत, असे आबांचे मत आहे. मला ते संभवनीय वाटते, कारण या मुंगीला ऊन लागलेली मोकळी जमीन आवडते. खोडव्याला पाणी सोडायचे असले की ते आदल्या संध्याकाळी हाक मारून सांगतात, आणि आम्ही बांधालगतचे डबे उचलून, सरी वाफशाला येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी मुरून जाईपर्यंत, ओट्यावर कुलूपबंद पेटीत ठेवतो.